दुकान तुमचं, हिशेब सीएचा?

हिशेबासाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, असं एखाद्या दुकानदाराने चारचौघांत विचारलं, की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: तुमचा सीए वापरतो तेच घ्या. व्यापारी संघटनेतले ज्येष्ठ हेच सांगतात, शेजारचा दुकानदार हेच सांगतो, आणि सॉफ्टवेअर विकायला आलेला एजंटही पहिल्यांदा ‘सीए कोण तुमचे?’ हेच विचारतो. सल्ला शहाणपणाचा वाटतो. डोकं चालवावं लागत नाही, आणि उद्या काही बिनसलं तर बोट दाखवायला एक शिकलेला माणूस असतो.

मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. मी दुकानांचे जमाखर्च लिहूनच पोट भरतो. माझी अर्धी कामं सीएंच्या ओळखीतून येतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते दुकानाचा हिशेब मुळात सीएसाठी लिहायचा असतो, या समजुतीशी.

समोरच्यांची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. विवरणपत्रं सीए भरतो. त्याच्या संगणकावर उघडणारी फाइल दिली की त्याचा वेळ वाचतो आणि आपली फी. दुसरं, तालुक्याच्या कुठल्याही गावात एमएस-सीआयटी झाल्यावर टॅलीचा क्लास केलेली मुलं-मुली मिळतात. दुसरं काही घेतलं तर ते चालवणारं माणूस कुठून आणायचं? आणि तिसरं, कायदा सतत बदलतो, त्यावर नजर ठेवणं दुकानदाराचं काम नव्हे. तिन्ही मुद्दे खरे आहेत. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही.

सीएच्या ऑफिसला तुमच्याकडून काय लागतं, ते बघा. महिन्याची विक्री कराच्या दरानुसार, व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीची बिलं, खरेदीची बिलं, खर्च आणि बँकेचं स्टेटमेंट. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी. पाच कोटींच्या आतला दुकानदार तिमाही योजनेत असेल तर तीन महिन्यांतून एकदा. वर्षाअखेरीला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक. एवढ्यासाठी ‘विक्री ५ टक्के’ आणि ‘विक्री १८ टक्के’ अशी दोन खाती आणि दिवसाची एकेक बेरीज पुरते. ट्रायल बॅलन्स जुळला की त्यांचं काम झालं, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरही आहे.

आता दुकानाला काय लागतं ते. उदाहरण कृषी सेवा केंद्राचं घेतो, कारण तिथे सगळ्या भानगडी एकाच काउंटरवर येतात. पेरणीच्या बियाण्याला जीएसटी नाही, रासायनिक खताला ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकाला १८ टक्के. अनुदानित खताची गोणी विकताना पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा लागतो, म्हणजे गोदामातला साठा, मशीनमधला साठा आणि हिशेबातला साठा असे तीन आकडे एकमेकांशी बोलायला हवेत. औषधाच्या बाटलीला बॅच नंबर आणि मुदत. आणि या सगळ्यावर उधारी. जूनमध्ये पेरणीला नेलेल्या मालाचे पैसे सोयाबीन निघाल्यावर, नाहीतर कापसाच्या वेचणीनंतर. चार-पाच महिने दुकान शेतकऱ्याच्या शब्दावर उभं असतं.

अशा दुकानाच्या मालकाला संध्याकाळी गल्ला मोजताना एकच गोष्ट हवी असते: कोणाकडे, कोणत्या गावात, किती दिवसांपासून, किती अडकलंय? हा प्रश्न सीएला कधीच पडत नाही. म्हणून त्याच्या सोयीने मांडलेल्या पुस्तकांत त्याचं उत्तरही नसतं.

हे कसं घडतं, ते एका एंट्रीपुरतं दाखवतो. शेतकरी दिवाळीच्या सुमारास येतो आणि वीस हजार रुपये देतो. त्याची जूनची दोन बिलं आणि ऑगस्टचं एक बाकी आहे. मालकाला माहीत असतं की हे पैसे जूनच्या बियाण्याचे आहेत, ऑगस्टच्या फवारणीचं औषध चाललं नाही म्हणून त्यावर अजून कुरबूर चालू आहे. पण एंट्री मारतो सीएच्या ऑफिसातला मुलगा, पावतीपुस्तकावरून, वीस-बावीस दिवसांनी. टॅलीत पावती टाकताना विचारलं जातं की ही रक्कम कोणत्या बिलापोटी? त्या मुलाला ते कुठून माहीत असणार? तो ‘ऑन अकाउंट’ निवडतो आणि पुढच्या पावतीकडे वळतो. खात्याची बाकी बिनचूक राहते, ताळाही जुळतो. पण बिलांच्या यादीत जूनची बिलं तशीच उघडी दिसतात आणि वीस हजार एका बाजूला लोंबकळत राहतात. अशा दोनशे पावत्या झाल्या की नव्वद दिवसांवरच्या उधारीची यादी काढणं म्हणजे निव्वळ थट्टा. कित्येक ठिकाणी तर बिलवार बाकी ठेवण्याचा पर्यायच बंद करून टाकलेला असतो. काम लवकर उरकतं ना!

नावांचं तर विचारूच नका. एका गावात एकाच नावा-आडनावाची चार माणसं सहज असतात. दुकानदार त्यांना वडिलांच्या नावावरून, वस्तीवरून, नाहीतर टोपणनावावरून ओळखतो. दूर बसलेला ऑपरेटर ओळखत नाही. उलट एकाच शेतकऱ्याची तीन खाती उघडलेली मी स्वतः एकत्र केली आहेत: एकात आडनाव आधी, दुसऱ्यात नाव आधी, तिसऱ्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. वर्षाच्या ताळेबंदाला याने काही फरक पडत नाही, येणी तेवढीच. वसुलीला गेलेल्या माणसाला मात्र पडतो.

यावर उत्तर ठरलेलं असतं: उधारीचं काय ते मालक वहीत बघतोच की! बघतो. म्हणूनच बहुतेक दुकानांत आज दोन-तीन हिशेब शेजारी-शेजारी नांदतात. काउंटरवर बिल छापणारा एक प्रोग्रॅम, उधारीची लाल वही किंवा मोबाइलवरचं खाताबुकसारखं अ‍ॅप, आणि सीएकडचं टॅली. पहिल्याची बेरीज हाताने तिसऱ्यात, दुसऱ्याचा कोणाशीच पत्ता नाही. उधारीच्या अ‍ॅपला शिकलेली माणसं हसतात. तो दुहेरी नोंदीचा हिशेब नव्हे, हे मान्य. तरी त्याचा एक गुण मोठा आहे. मालक ते रोज उघडतो. सीएच्या टॅलीबद्दल असं म्हणता येणारे मालक मला फार भेटलेले नाहीत.

कायदा आता कुठे सरकलाय, तेही पाहा. कारण सीएचं ऐकण्याचं मुख्य कारण कायदाच सांगितलं जातं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा महिनाअखेरीला बिलांचा गठ्ठा नेऊन देणं खपत होतं. आज पुरवठादाराने आपलं बिल चढवलं आणि ते तुमच्या जीएसटीआर-२बीमध्ये दिसलं, तरच इनपुट क्रेडिट मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून तर पोर्टलवर आलेलं प्रत्येक खरेदी बिल स्वीकारायचं, नाकारायचं की प्रलंबित ठेवायचं, हे सांगण्याची सोय झाली. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. आता मला सांगा, कंपनीने बिल केलेल्या शंभर गोण्यांपैकी नव्वदच उतरल्या, हे कोणाला माहीत? गोदामाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला. सीएच्या ऑफिसातून ‘स्वीकारलं’ हे बटण दाबणारा फक्त अंदाज करत असतो.

दुसरी तरतूद पंचेचाळीस दिवसांची. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत उलटली आणि ३१ मार्चलाही रक्कम बाकी असली, तर ती खरेदी त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही. पैसे द्याल त्या वर्षी ती वजावट. एवढ्या रकमेवर यंदाच कर. जैविक खतं, सूक्ष्म अन्नद्रव्यं बनवणारे पुष्कळ छोटे कारखानदार याच वर्गात मोडतात. मधल्या घाऊक व्यापाऱ्याला हे लागू नाही, थेट उत्पादकाला आहे, म्हणजे पुरवठादाराच्या खात्यावर तशी खूण हवी. ही यादी सीए मागतो कधी? वर्ष संपून ऑडिटची पुस्तकं उघडली की. तोवर ३१ मार्च केव्हाच उलटून गेलेला असतो. मालकाला ती १५ मार्चला हवी, गल्ल्यात पैसे असताना, कोणाचं आधी द्यायचं हे ठरवायला.

तिसरं ताजं उदाहरण २२ सप्टेंबर २०२५ चं. त्या दिवसापासून जीएसटीचे दर बदलले. सूक्ष्म अन्नद्रव्यं, ठरावीक जैविक कीटकनाशकं आणि ठिबकचं साहित्य १२ टक्क्यांवरून ५ वर आलं. रासायनिक कीटकनाशकं १८ वरच राहिली. ज्याच्याकडे मालाची नोंद वस्तुवार होती, त्याने आदल्या रात्री बसून त्या-त्या वस्तूचा दर बदलला आणि सकाळी शटर वर केलं. ज्याच्या पुस्तकांत फक्त ‘विक्री १२ टक्के’ असं खातं होतं, त्याला आपल्याकडे जुन्या दराने घेतलेला कोणता माल किती पडून आहे, हेच सांगता येईना. सीएने वेळेवर परिपत्रक पाठवलं होतं, त्याची चूक नाही. परिपत्रक वापरायला दुकानात जे लागतं ते दुकानात नव्हतं.

कायद्याचं आणखी एक कलम या वादात कोणी काढत नाही, म्हणून मी काढतो. जीएसटी कायद्याचं ३५ वं कलम म्हणतं की नोंदणीकृत व्यक्तीने आपले हिशेब नोंदणी प्रमाणपत्रात दिलेल्या मुख्य व्यवसायाच्या जागी ठेवायचे. संगणकावर ठेवले तरी चालतात. आणि ३६ व्या कलमानुसार ते वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे. ‘आमचं सगळं सीएकडे असतं’ हे वाक्य दुकानदार जितक्या निश्चिंतपणे उच्चारतात, तितकं ते निश्चिंत नाही.

सगळं सीएकडे असण्याची किंमत सीए बदलताना कळते. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने पैसे स्वतः मोजून टॅलीचं लायसन्स घेतलं होतं, पण ते चालू केलं होतं सीएच्या ऑफिसातल्या एका जुन्या नोकराच्या ईमेलवर, आणि तो नोकर केव्हाच पुण्याला निघून गेला होता. कंपनीच्या डेटावर टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड होता. तो विसरला तर परत मिळवण्याची सोय नाही. मुद्दाम तसंच बनवलेलं आहे. कोणी लबाडी केली नव्हती, कोणी डेटा अडवूनही धरला नव्हता. दुकानदाराने कधी विचारलंच नव्हतं की माझ्या हिशेबाची किल्ली कोणाच्या खिशात आहे.

आता माणसं मिळण्याचा मुद्दा. समोरच्यांचा हा सगळ्यांत वजनदार मुद्दा आहे आणि मी तो बाजूला सारत नाही. क्लास केलेल्या मुलीची बोटं एफ-८ विक्रीला, एफ-९ खरेदीला न बघता जातात. नव्या सॉफ्टवेअरवर ती आठवडाभर चाचपडेल. म्हणून टॅली घ्यायचं असेल तर जरूर घ्या. पण मग कारण तुमच्या काउंटरचं झालं: तुमच्या दुकानात बसणारं माणूस ते चालवू शकतं, हे. सीए तेच वापरतो, हा योगायोग. कारण बदललं की मांडणीही बदलते. मग बिलवार बाकी चालू करायची, वस्तू बॅचसकट उतरवायच्या, गावाप्रमाणे गट पाडायचे आणि एंट्री त्याच दिवशी दुकानातच मारायची.

गंमत अशी, की खुद्द टॅलीचा जन्मही असाच आहे. श्यामसुंदर गोएंका कारखान्यांना माल पुरवायचा धंदा करत. आपल्या धंद्याचा हिशेब ठेवील असं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंकांना, ते बनवायला सांगितलं. १९८६ ची गोष्ट. धंदेवाल्याने आपल्या गरजेपोटी बनवून घेतलेली वस्तू आज धंदेवाला दुसऱ्याच्या गरजेपोटी विकत घेतो.

कायद्याच्या नावाने भीती घालून काय-काय विकलं जातं, यावर एक वेगळा लेख होईल. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं, आणि ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअर सक्तीचं झालं, ते कंपन्यांना. एकट्या मालकाच्या दुकानाला किंवा भागीदारीला ही सक्ती नाही. ई-इन्व्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वरच्या उलाढालीला, तेही व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीवर; शेतकऱ्याच्या किरकोळ बिलाचा त्याच्याशी संबंध नाही. तरी ऐंशी लाखांच्या दुकानाला हे दोन्ही ‘सरकारने कंपल्सरी केलंय’ म्हणून गळ्यात मारलेलं मी पाहिलंय. इथे सीए खरोखर उपयोगाचा. मला कोणता नियम लागू आहे, कोणता नाही, काय किती वर्षं ठेवू, तुम्हाला कोणत्या नमुन्यात देऊ, हे त्याला विचारा. कुठल्या कंपनीचं घेऊ, हे विचारू नका. जीएसटी पोर्टलला तुमची फाइल कोणत्या सॉफ्टवेअरातून निघाली याच्याशी कर्तव्य नाही, आणि सीएला ट्रायल बॅलन्स एक्सेलमध्ये चालतो. कुरकूर करेल, पण चालतो.

सक्ती नसली तरी बदलांची नोंद ठेवणारा पर्याय दुकानदाराने आपणहून चालू ठेवावा, असं मी म्हणतो. गल्ल्यावर नोकर बसतो, पुतण्या बसतो. कोणती पावती कोणी, किती वाजता खोडली हे कळलेलं बरं. यावर बऱ्याच मालकांचे चेहरे पडतात, कारण मागच्या तारखेने एंट्री मारता येणं हीच त्यांच्या लेखी सॉफ्टवेअरची मोठी खुबी असते. आणि काहींना हिशेब सीएकडे असण्यातच सोय वाटते, कारण दुकानात खरं पुस्तक सापडायलाच नको असतं. कच्च्या बिलांचा कारभार वेगळा. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

उरला तो ‘मोठ्या कंपनीचं घ्या, बुडणार नाही’ हा उपदेश. अमेरिकेतली इंट्युइट काही लहान कंपनी नव्हे. तिचं क्विकबुक्स जगभर चालतं. २०२३ च्या सुरुवातीला तिने भारतातलं क्विकबुक्स बंद केलं आणि इथल्या ग्राहकांना आपापला डेटा उतरवून दुसरं घर शोधावं लागलं. कंपनी बुडाली नाही, फक्त निघून गेली. याचा अर्थ इंटरनेटवर चालणारं वाईट आणि दुकानातल्या संगणकावरचं चांगलं, असाही नाही. त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हवर बॅकअप घेऊन निवांत झोपणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. हार्ड डिस्क गेली की सी आणि डी दोन्ही एकत्रच जातात. बघायचं ते हे, की निघताना आपलं सामान घेऊन निघता येतं का. विकायला आलेल्याला सांगा, सगळ्या पार्ट्यांची बिलवार बाकी आणि वस्तुवार साठा मला एक्सेलमध्ये काढून दे. पीडीएफ दाखवली तर चहा पाजून रवाना करा.

आणि नमुन्याच्या डेमोवर भाळू नका. डेमोत सगळी बिलं सरळ असतात. आपली वाकडी बिलं त्याच्यासमोर ठेवा: परत आलेलं फुटलेलं पाकीट, थोडे रोख आणि थोडे यूपीआयने दिलेले पैसे, कंपनीने हंगामानंतर स्कीमपोटी पाठवलेली क्रेडिट नोट, एकाच बिलात बियाणं, खत आणि औषध. मालकाने नाहीतर काउंटरवर बसणाऱ्याने स्वतःच्या हाताने ती चढवून पाहावीत. विकणाऱ्याचा हात कीबोर्डवर नको.

‘मालकाला एवढा वेळ कुठे?’ हा शेवटचा आक्षेप मला रोज ऐकू येतो. गिऱ्हाईक समोर असताना बिल तर करावंच लागतं. तेच नीट केलं तर मागाहून कोणी पुन्हा लिहायला नको. वेळ जातो तो बदलताना. त्यासाठी कृषी केंद्राला मार्चअखेर ते मे हा काळ बरा, कारण खरीप सुरू झाल्यावर मान वर करायला सवड नसते. ३१ मार्चच्या बाक्या एकरकमी न उतरवता बिलवार उतरवायच्या, दुबार खाती त्याआधीच एकत्र करायची, आणि एप्रिलभर जुनं-नवं दोन्ही चालवायचं. जुनी बिलं शोधून देण्याचं काम सीएच्या ऑफिसातल्या मुलालाच करावं लागेल. ते त्याच्या महिन्याच्या कामात बसत नाही. त्याचे पैसे वेगळे द्यावेत, आणि आकडा फेब्रुवारीतच ठरवून घ्यावा.